वरीलप्रमाणे

आमच्या कारखान्यात तक्ता भरायची एक पद्धत आहे. ती आधी सांगते, नाहीतर माझ्या हातून काय झालं ते कुणाला नीट कळायचं नाही.

पाण्याच्या बाटल्या भरतात तिथे मी चेकिंगला आहे, चौदा वर्षं झाली. दर तासाला पट्ट्यावरून पाच बाटल्या उचलायच्या, झाकण पिळून बघायचं, उलटी धरून गळते का बघायचं, वजन करायचं आणि भिंतीला लटकवलेल्या तक्त्यात लिहायचं. तासाला एक ओळ, आठ तासांच्या आठ ओळी. आता बाटल्या आम्ही उचलतो हं, तेवढ्या प्रामाणिक आहोत. पण लिहायला दर तासाला ओले हातमोजे काढत बसणार कोण? शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटं पेन हातात घ्यायचं, पहिल्या ओळीत आकडे टाकायचे आणि खाली सात वेळा 'वरीलप्रमाणे'. साहेब सही करतात, तेही न बघता. नवी मुलगी कामाला लागली की मशीन बंद कसं करायचं हे शिकवायच्या आधी आम्ही तिला हे शिकवतो. चौदा वर्षांत काही बिघडलं नाही, कारण बाटल्या खरंच सारख्याच असतात.

मोठी मुलगी माझी बारा वर्षांची. घरात तिला तोफ म्हणतात. नाव तिच्या बापानं ठेवलं, ती दीड वर्षाची असताना, कौतुकानं. ती रडायला लागली की खालच्या मजल्यावरची माणसं खिडकीतून वर बघायची. पुढे कौतुक आटलं आणि नाव राहिलं. तोफ डागली की समोर ताट असो, खुर्ची असो नाहीतर माणूस असो, तिला काही दिसायचं नाही. दहा मिनिटांनी स्वतःच तुकडे गोळा करायला बसायची, तोंड एवढंसं करून. आणि बाकीच्या वेळी असली हसवायची की विचारू नका. नकला करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. आमच्या साहेबांना तिनं एकदाच बघितलं होतं, फाटकापाशी, पाच मिनिटं. घरी येऊन पँट वर ओढत, नाकातून "ताई, उत्पादन... उत्पादन" असं काही म्हणाली की माझा नवरा हसता हसता पलंगावरून घसरला. तो लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो, तसा हसणाऱ्यांतला नाही.

परीक्षेच्या आधीची गोष्ट. तोफ टेबलाशी धडा वाचत होती. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत तिच्या मागे लागले होते, मोठ्यानं वाच, अजून मोठ्यानं. धाकटी सहा वर्षांची, ती फिसकन हसली. तोफेनं तिला ढकललं. टेबलाचा कोपरा भुवईवर बसला, तीन टाके पडले. मला धास्ती पडली ती धाकटीपेक्षा मोठीची. शाळेतून दोन चिठ्ठ्या आधीच आल्या होत्या, तिसरी आली की नाव काढणार असं मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीच आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे.

या बाई पन्नाशीच्या. चष्मा डोक्यावर आणि टेबलावर चष्मा शोधतायत, अशा. मला वाटलं, झालं, हिला स्वतःचा चष्मा सापडेना, ही माझ्या पोरीचं काय बघणार. पण त्यांनी घाई केली नाही. तीन वेळा बोलावलं. एकदा तिला एकटीला, एकदा आम्हा दोघांना, एकदा सगळ्यांना. वजन केलं, रक्त तपासलं. मग म्हणाल्या की बोलणं तर चालू ठेवूच, आणि जोडीला रात्रीची अर्धी गोळी देऊन बघू. नवरा एकदम उसळला. म्हणाला, "वेड लागलंय का तिला?" बाईंनी शांतपणे सांगितलं की वेडबिड काही नाही, राग आला आणि हात उठला यांच्यामध्ये तिला श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही, गोळी तेवढा वेळ देते. गोळीनं भूक वाढते, झोप येते, म्हणून जितकी कमी तितकी बरी. आणि किती द्यायची ते तक्त्यावरून ठरेल.

तक्ता म्हटल्यावर मला हायसंच वाटलं. तक्ते म्हणजे माझा रोजचा धंदा.

चार रकाने होते. वार. आधी काय घडलं. तिनं काय केलं. नंतर तुम्ही काय केलंत. असाच एक शाळेतल्या बाईंसाठी. डॉक्टर म्हणाल्या, "रोजच्या रोज लिहा. चांगला दिवस गेला तर तोही लिहा, तो तर नक्कीच लिहा. मी तिला महिना-दीड महिन्यातून अर्धा तास बघणार. तुम्ही जे लिहाल तेच मला दिसणार." तोफ माझ्या शेजारीच बसली होती. तिनं ते 'चांगला दिवस' बरोबर ध्यानात ठेवलं.

पहिला आठवडा मी नेमानं लिहिलं. सोमवार, चांगला. मंगळवार, वही फाडली, दार आपटलं. बुधवार आणि गुरुवार, चांगला. शुक्रवार, ताट फेकलं, आरडाओरडा. 'आधी काय घडलं'मध्ये मी लिहिलं, काही नाही. 'नंतर तुम्ही काय केलंत'मध्ये लिहिलं, समजावलं. कसलं डोंबलाचं समजावलं? चांगल्या दोन थोबाडीत दिल्या होत्या. पण तसं लिहिताना हात आखडला. डॉक्टर काय म्हणतील, असं वाटलं.

मग कारखान्यात लग्नसराईची गडबड सुरू झाली. बारा-बारा तास उभं राहायचं. घरी आलं की पाय सुजलेले, स्वयंपाक, भांडी, धाकटीचा अभ्यास. तक्ता फडताळावर बरणीखाली. रोज जेवण झालं की तोफ यायची आणि दाराला टेकून उभी राहायची.

"आई, लिहिलंस का? आज मी चांगली होते."

"लिहिते गं."

"वर्गात एकीनं माझी पेन्सिल मोडली तरी मी काही केलं नाही. ते पण लिही."

"लिहिते म्हटलं ना. माझ्या डोक्यावर मिरे वाटू नकोस."

ती जायची. मी भांडी घासायची. उद्या लिहू, रविवारी बसून एकदम लिहू, असं म्हणता म्हणता सहा रविवार गेले.

डॉक्टरांची तारीख आली त्या सकाळी दवाखान्यात पोचल्यावर मी पिशवीतून तक्ता काढला. पाच ओळी भरलेल्या, सदतीस कोऱ्या. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं. नर्सनं तोफेला वजन करायला आत नेलं. माझ्या हाताला काय करायचं ते पाठ होतं. शेवटची भरलेली ओळ शुक्रवारची होती, ताट फेकल्याची. तिच्या खाली मी 'वरीलप्रमाणे' लिहिलं. त्याच्या खाली 'वरीलप्रमाणे'. नर्स तिला परत घेऊन येईपर्यंत सदतीस ओळी संपल्या होत्या आणि मी पेनाला टोपण लावत होते. देवाशपथ सांगते, त्या वेळी मनात कसलंही पाप नव्हतं. तक्ता भरला, एवढंच डोक्यात होतं.

आत बाईंनी तक्ता वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात बरं दिसतंय, मग इतकं कसं वाढलं? त्यांनी बोट ठेवून विचारलं, "रोज? सगळे दिवस सारखेच?"

तिथे मी बोलायला हवं होतं. नुसतं 'लिहायचं राहिलं हो डॉक्टर' म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या काय मला खाणार होत्या? पण इतकी वर्षं माझ्या तक्त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मला रागच आला. बारा तास उभी राहते, तरी मीच चोर? मी म्हटलं, "रोज, डॉक्टर. एक दिवस सुटका नाही."

बाईंनी तोफेकडे बघितलं आणि तिला विचारलं. ती हळूच म्हणाली की पुष्कळ दिवस मी चांगली होते. डॉक्टर परत माझ्याकडे वळल्या. आणि मी, तिची आई, हसले. हसून म्हटलं, "ती असंच सांगते हो."

मला वाटलं होतं ती आता काहीतरी फेकणार. टेबलावर काचेचा पेपरवेट होता, तो मी हळूच बाजूलाही सरकवला. तिनं फक्त खाली बघितलं. तेव्हा मी मनात म्हटलं, बघा, पोलीस समोर असला की चोर कसा गरीब होतो.

शाळेचा तक्ता कुठे आहे, असं बाईंनी विचारलं. वर्गाच्या बाई आजारपणाच्या रजेवर होत्या, बदलीच्या बाईंना मी विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी नक्की आणा, म्हणाल्या. मग त्यांनी अर्धीची एक गोळी केली. पंधरा दिवसांनी फोनवर विचारलं, सुधारतंय का? मी म्हटलं, थोडं. अजून वाढवा. दीड झाली. फार सुस्त वाटली तर लगेच कळवा, असं बजावून त्यांनी नंबर दिला होता. तो मी फ्रिजच्या दाराला चिकटवला होता, आजही आहे.

घर शांत झालं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. ताट फुटेना, दार आपटेना, शाळेतून चिठ्ठी येईना. नणंद राहायला आली होती, ती म्हणाली, "वहिनी, पोरगी किती शहाणी झाली." मी तो शहाणपणा स्वतःच्या नावावर घेतला. कारखान्यात मैत्रिणींना सांगितलं, सगळं माझ्या हातात घेतलं तेव्हा कुठे सरळ झाली.

तोफ शाळेतून यायची, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून झोपायची. उठली की खायची. पावाचा अख्खा पुडा संपवायची आणि रिकाम्या पिशवीत हात घालून बघायची. शाळेचा स्कर्ट दोन महिन्यांत दोनदा उसवून सैल केला. बटणं लावताना बोटं थरथरायची, मग धाकटी तिची बटणं लावून द्यायची. एक दिवस आमचे साहेब नवा विग लावून आले, पिंगट रंगाचा. मी घरी येऊन सांगितलं, म्हटलं आता ही उठेल आणि सुरू करेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो का." नवरा उठून गॅलरीत गेला. मी त्याला म्हटलं, वयात येतेय ती, पोरी गंभीर होतात. तो म्हणाला, "तू त्या बाईंना फोन कर." करते म्हटलं. तेही करते म्हटलंच फक्त.

आणि एक. ती आता दाराला टेकून उभी राहत नव्हती. 'लिहिलंस का' म्हणून विचारत नव्हती. मला त्याचं बरंच वाटलं होतं. हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते, पण वाटलं होतं.

वर्गाच्या बाई रजेवरून परत आल्या आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी तयारीनं गेले, भांडायच्या. आता काय केलं तिनं? आता तर ती हूं की चूं करत नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळे चहा पीत होते म्हणून बाईंनी मला वर्गातच नेलं, मधल्या सुट्टीत. मी दुसऱ्या रांगेतल्या बाकावर कशीबशी मावले.

बाईंनी आधी विचारलं की मुलीला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, बरी आहे. त्या म्हणाल्या, "बरी? ती माझ्या वर्गात बसल्या बसल्या झोपते. मी पाठ फिरवली की माझी नक्कल करायची, मी खिडकीच्या काचेत बघायचे आणि हसू दाबायचे. कुठे गेली ती?" मग त्यांनी ड्रॉवरमधून शाळेचा तक्ता काढला. रजेवर जाईपर्यंत त्यांनी लिहिला होता, पुढे बदलीच्या बाईंकडून लिहून घेतला होता. रोजच्या रोज, आणि तिसरी चिठ्ठी धाडायच्या ऐवजी सगळं त्यातच. मुलीच्या हातून पाठवायचा नाही म्हणून ठेवून दिला होता, मी न्यायला येईन या भरवशावर.

सोमवार, चांगला दिवस. बुधवार, मैत्रिणीनं पेन्सिल मोडली, स्वतःला आवरलं, शाबासकी दिली. गुरुवार, चांगला, वर्गाला हसवलं. पुन्हा सोमवार, चांगला. पानभर 'चांगला', 'चांगला', आणि मंगळवार नि शुक्रवार आला की बाक ढकलला, पुस्तक फेकलं, शेजारणीचे केस ओढले. गोळी वाढेपर्यंत प्रत्येक मंगळवारी, प्रत्येक शुक्रवारी. आणि 'आधी काय घडलं'च्या रकान्यात दर वेळी एकच गोष्ट, वेगवेगळ्या शब्दांत. धडा मोठ्यानं वाचायची तिची पाळी आली. वाचताना अडखळली, मुलं हसली. पाळी येणार हे कळल्यावर आधीच उठून गेली.

बाई सांगत होत्या की त्यांचंही चुकलंच, पुष्कळ उशिरा लक्षात आलं. तिला अक्षरं जुळवायला त्रास होतो, तोंडपाठ करून ती आजवर निभावत आली, त्याची वेगळी तपासणी असते, वेगळं शिकवणंही असतं. मी मान हलवत होते, पण माझं लक्ष नव्हतं. मला माझे मंगळवार आणि शुक्रवार आठवत होते. शाळेत वाचायला जमलं नाही की वहीत शेरा यायचा. शेरा बघितला की संध्याकाळी मी तोच धडा तिच्याकडून दहा वेळा वाचून घ्यायची, मोठ्यानं, अजून मोठ्यानं. टाके पडले तेव्हाही तेच चाललं होतं. आणि मी लिहिलं होतं, काही नाही.

घंटा झाली, मुली आत आल्या. मी उठले तर गुडघा बाकात अडकला. माझी मुलगी दारातून आत आली, मला बघून थांबली आणि मग आपल्या जागेवर जाऊन बसली. का आलीस, असंही तिनं विचारलं नाही.

आता जे केलं ते सांगते. ते तर आणखी वाईट. घरी येऊन मी दार लावलं, कोरा तक्ता काढला, तसे दोन जादा दिलेले होते, आणि नवा, खरा तक्ता लिहायला बसले. म्हटलं, डॉक्टरांना सांगू, जुना चुकून भलताच आणला होता. शाळेच्या तक्त्याशी जुळेल असं लिहायचं, म्हणजे गोळी कमी होईल आणि माझीही अब्रू राहील. सोमवार, चांगला. पुढे? त्या बुधवारी घरी काय झालं होतं? त्या गुरुवारी? ती दाराशी उभी राहून रोज काहीतरी सांगायची. कधी म्हणाली होती, धाकटीला गोष्ट सांगितली. कधी म्हणाली होती, राग आला तर पाणी प्यायले. कुठल्या दिवशी, ते मला आठवेना. तिनं दात-ओठ खाऊन मिळवलेले दिवस, एकेक करून माझ्याकडे आणून दिलेले, आणि मी एकही ठेवला नव्हता. पेन हातात धरून मी रडले. मग तो कागद फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन केला. बाईंनी त्याच दुपारी यायला सांगितलं. नवऱ्यालाही मी वाटेत सगळं सांगितलं. तो तोफेचा हात धरून माझ्या चार पावलं पुढे चालत राहिला.

डॉक्टरांसमोर मी दोन्ही तक्ते ठेवले, शाळेचा आणि माझा. म्हटलं, "डॉक्टर, माझा खोटा आहे. पहिले पाच दिवस खरे. बाकी सगळं मी इथे बाहेर बाकावर बसून लिहिलं. आणि तिला थोबाडीत मारलं तिथे समजावलं असं लिहिलं." एका दमात बोलले, मध्ये थांबले असते तर जमलं नसतं.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले. त्यांनी मला झापावं असं फार वाटत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "असा एकसारखा तक्ता बघून मीही थांबायला हवं होतं. शाळेचा हातात आल्याशिवाय वाढवायला नको होतं." म्हणजे त्यांनी त्यातला वाटा स्वतःकडे घेतला. मला ते झापण्यापेक्षा जास्त लागलं. गोळी एकदम बंद करता येत नाही, पायरी-पायरीनं खाली आणू, रक्त पुन्हा तपासू, वाचनाच्या तपासणीसाठी चिठ्ठी देते, असं सांगत त्या लिहू लागल्या. तिलाही विचारलं, तुला काय वाटतं? तोफ विचार करून, जड जिभेनं म्हणाली, "अर्धी बरी होती. अर्धी घेतली की राग यायच्या आधी मला कळायचं."

मग तिनं टेबलावरचा माझा तक्ता स्वतःकडे ओढला. कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारच्या खाली बोट ठेवलं, तेच बोट, थरथरणारं, आणि वाचायला लागली. मोठ्यानं.

"व... री... ल..." थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नवऱ्यानं सांगायला तोंड उघडलं तर डॉक्टरांनी हातानं थांबवलं. "वरील... प्र... प्रमा... णे." खालच्या ओळीवर बोट गेलं. तोच शब्द. त्याच्या खाली तोच. दुसऱ्या ओळीपासून तिला तो न अडखळता वाचता येऊ लागला. पाच-सहा वेळा तिनं वाचला. कधी नव्हे ते सरळ वाचत होती माझी मुलगी.

"म्हणजे काय?" तिनं मला विचारलं.

"म्हणजे... वर लिहिलंय तसंच. त्या शुक्रवारसारखंच."

"रोज?"

"हो."

तिनं कागद डॉक्टरांकडे परत सरकवला. "मी तुला रोज सांगत होते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

याला आता चार महिने झाले. गोळी हळूहळू अर्धीवर आली. आठवड्यातून दोनदा ती वाचन शिकवणाऱ्या ताईंकडे जाते. मंगळवार-शुक्रवारचं मोठ्यानं वाचणं शाळेच्या बाईंनी तिच्यापुरतं बंद केलंय, आणि मी तर त्या बाबतीत कानाला खडा लावलाय. उसवून सैल केलेला स्कर्ट अजून तसाच लागतो, बोटांची थरथर मात्र थांबली. तक्ता मी रोज लिहिते, जेवणाच्या टेबलावर, तिच्यासमोर, ती सांगेल तसा. कारखान्यातही आता दर तासाला हातमोजे काढते. मैत्रिणी म्हणतात, ही म्हातारपणी कुठून शहाणी झाली.

परवा, म्हणजे रविवारी, तोफ डागली. कारण काहीच नव्हतं, असं मी पूर्वी लिहिलं असतं. माझी मैत्रीण आली होती आणि चहा पिताना मी तिला कौतुकानं सांगत होते, आमच्या हिनं मधे फार त्रास दिला, पण आता बघ कशी छान आहे. ती आतून ऐकत होती. बाहेर आली आणि माझ्या हातातला कप उडवला. भिंतीवर फुटला. "मी त्रास दिला? मी? खोटारडी आहेस तू, खोटारडी," असं म्हणत ती इतकी ओरडली की खालच्या मजल्यावरची माणसं खिडकीतून वर बघायला लागली. मैत्रीण चपला घालून गेली. मी हात उचलला नाही. खाली बसून तुकडे गोळा करायला लागले. थोड्या वेळानं ती पण येऊन बसली आणि सोफ्याखालचे तुकडे काढून माझ्या तळहातावर ठेवू लागली.

जेवण झाल्यावर मी तक्ता काढला. ती दाराला टेकून उभी होती.

"लिहिलंस का?" तिनं विचारलं.

वार, रविवार. तिनं काय केलं: कप फोडला, मला खोटारडी म्हणाली. नंतर तुम्ही काय केलंत: काही नाही, दोघींनी मिळून तुकडे उचलले. दुसरा रकाना राहिला होता. ती जवळ आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली. मी 'आधी काय घडलं'मध्ये लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं सुटं, तिला वाचता येईल असं: मी खोटं बोलले.

तिनं बोट ठेवून ते वाचलं, शेवटपर्यंत. मग म्हणाली, बरोबर आहे, आणि झोपायला गेली.